दुचाकीवरचे मारेकरी आणि पुंगळीची साक्ष

कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात नऊ वर्षांची एक मुलगी भर रस्त्यात गोळी लागून मरण पावते. तिचे कुणाशीही वैर नसते. मोटारसायकलस्वारांच्या दोन टोळ्यांच्या संघर्षात ती सापडते. त्याच सुमारास अमेरिकेतून बेपत्ता झालेल्या एका मुलीची हाडे तिच्या घरापासून शेकडो मैलांवर मिळतात. कॅथी राइक्स यांच्या 'डेडली डिसिजन्स' या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा हा आरंभ. तिची नायिका टेम्परन्स ब्रेनन हाडे वाचते, जखमा मोजते आणि अखेर टोळीपर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रात अशा गणवेशधारी मोटारसायकल टोळ्या नाहीत. मात्र दुचाकीवरून येऊन जीव घ्यायचा आणि क्षणार्धात नाहीसे व्हायचे, ही पद्धत राज्याला चांगलीच परिचित आहे. अहिल्यानगर, म्हणजे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचा या पद्धतीशी दोन प्रकारे संबंध आला. रेखा जरे यांची हत्या याच जिल्ह्यात झाली आणि कोल्हापुरात दुचाकीस्वारांच्या गोळ्यांना बळी पडलेले गोविंद पानसरे हे याच जिल्ह्यातील कोल्हारचे. कादंबरीत प्रयोगशाळा गुन्हा उलगडते. प्रत्यक्षात ती नेमके काय सांगू शकते, आणि तिचे सांगणे न्यायालयात कितपत टिकते?

कादंबरीमागचे वास्तव

राइक्स या स्वतः न्यायसहायक मानववंशशास्त्रज्ञ आहेत. मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेलेला असतो तेव्हा हाडांवरून वय, लिंग, उंची आणि मृत्यूचे कारण सांगण्याचे हे शास्त्र. मॉन्ट्रियलच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्याच पुस्तकांवरून 'बोन्स' ही अमेरिकी मालिका २००५ ते २०१७ या काळात प्रसारित झाली.

कादंबरीतील टोळ्यांचे वैर वास्तवावर आधारलेले होते. क्युबेक प्रांतात १९९४ पासून 'हेल्स एंजल्स' आणि 'रॉक मशीन' या टोळ्यांमध्ये अमली पदार्थांच्या बाजारपेठेवरून युद्ध पेटले होते. २००२ पर्यंत चाललेल्या या संघर्षात दीडशेहून अधिक लोक मारले गेले. ऑगस्ट १९९५ मध्ये एका जीपमधील बॉम्बस्फोटाचा तुकडा लागून अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि जनमत खवळले. टोळीविरोधी विशेष पथक स्थापन झाले, १९९७ मध्ये नवा कायदा आला आणि मार्च २००१ मध्ये एकाच मोहिमेत शंभराहून अधिक जणांना अटक झाली. त्यांच्या खटल्यांसाठी मॉन्ट्रियलमध्ये स्वतंत्र न्यायालयीन इमारत उभारावी लागली.

येथे टोळी नव्हे, वाहन महत्त्वाचे

कॅनडातील टोळीसाठी मोटारसायकल ही प्रतिष्ठेची खूण असते. सदस्य पाठीवर टोळीचे चिन्ह मिरवतो. आपल्याकडे नेमके उलट आहे. येथे दुचाकी निवडली जाते ती ओळख लपविण्यासाठी. एकाच बनावटीच्या हजारो गाड्या रस्त्यावर असतात. शिरस्त्राण किंवा रुमालाआड चेहरा झाकणे संशयास्पद वाटत नाही. गल्लीबोळातून निसटता येते आणि गाडी बहुधा चोरीची असते. एक जण गाडी चालवतो, दुसरा वार करतो. मंगळसूत्र हिसकावणाऱ्या सोनसाखळीचोरांचीही हीच रीत आहे आणि सुपारी घेणाऱ्यांचीही.

संघटित टोळ्यांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये 'मोक्का' हा कायदा केला. परंतु टोळी कागदावर सिद्ध करण्यासाठी आधीच्या दहा वर्षांतील एकापेक्षा अधिक आरोपपत्रांचा आधार लागतो. एका कामापुरत्या एकत्र आलेल्या दोन दुचाकीस्वारांना हा कायदा सहज लागू होत नाही. अशा वेळी तपासाचा भार पुन्हा घटनास्थळी सापडणाऱ्या वस्तूंवरच येऊन पडतो.

जातेगाव घाटातील छायाचित्र

३० नोव्हेंबर २०२० च्या रात्री यशस्विनी महिला ब्रिगेडच्या अध्यक्षा रेखा जरे पुण्याहून नगरकडे मोटारीने परतत होत्या. सोबत कुटुंबीय होते. जातेगाव घाटात दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गाडी अडविली, वाद घातला आणि धारदार शस्त्राने जरे यांचा गळा चिरला. या हल्ल्यात ना गोळी होती, ना पुंगळी. तपासाला दिशा मिळाली ती मोटारीतील कुटुंबीयाने मोबाइलवर टिपलेल्या हल्लेखोराच्या छायाचित्रामुळे. अल्पावधीतच पोलीस संशयितांपर्यंत पोहोचले. कट रचल्याचा आरोप असलेल्या पत्रकाराला मार्च २०२१ मध्ये हैदराबाद येथून अटक झाली. आरोप सिद्ध होणे वा न होणे हा न्यायालयाचा विषय आहे.

या प्रकरणातून एक गोष्ट मात्र ध्यानात येते. आजच्या गुन्ह्यातील पहिला धागा अनेकदा मोबाइलमध्ये, मनोऱ्यांच्या नोंदीत किंवा पेट्रोल पंपावरील कॅमेऱ्यात असतो. तो न्यायालयात टिकण्यासाठी अट आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना विहित प्रमाणपत्र जोडणे अनिवार्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. तो निकाल जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणूक वादातून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात आला होता. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट कायम आहे. छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी ते कोणत्या उपकरणातून, कुणी आणि कसे काढले याची साखळी जुळवावी लागते.

पुंगळी काय सांगते?

पिस्तुलाचा चाप ओढला की आघातसुई काडतुसाच्या बुडावर आदळते आणि तेथे खळगा उमटतो. दारूच्या स्फोटाने पुंगळी मागच्या पोलादी पृष्ठावर दाबली जाते. त्या पृष्ठावरील सूक्ष्म ओरखडे तिच्यावर उतरतात. पुंगळी बाहेर फेकणारा आकडाही आपली खूण ठेवतो. गोळी नळीतून जाताना आतील पेचदार खाचा तिच्या अंगावर रेषा कोरतात. यंत्रावर बनलेल्या दोन पिस्तुलांच्या खुणाही तंतोतंत सारख्या नसतात, या गृहीतकावर हे शास्त्र उभे आहे.

प्रयोगशाळेत संशयित पिस्तुलातून पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत चाचणीची गोळी झाडली जाते. मग घटनास्थळावरची आणि चाचणीची पुंगळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेली ही पद्धत आजही मूलतः तशीच आहे. पिस्तूल हाती नसले तरी दोन गुन्ह्यांतील पुंगळ्यांची परस्परांशी तुलना करता येते. नेमका हाच प्रश्न महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार हत्यांमध्ये उपस्थित झाला.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चारही ठिकाणी मारेकऱ्यांनी दुचाकी वापरली आणि ७.६५ मिलिमीटरच्या देशी बनावटीच्या पिस्तुलांचा उल्लेख तपासात झाला. पानसरे पत्नी उमा यांच्यासह सकाळच्या फेरफटक्याहून परतत असताना हल्ला झाला. २० फेब्रुवारीला मुंबईत त्यांचे निधन झाले. उमा पानसरे बचावल्या.

कलबुर्गी आणि लंकेश यांच्या हत्येत एकच पिस्तूल वापरले गेल्याचा निष्कर्ष कर्नाटकातील तपासात पुढे आला. पानसरे आणि दाभोलकर यांच्या बाबतीत मात्र गुंता झाला. मुंबई आणि बेंगळुरू येथील प्रयोगशाळांच्या अहवालांत एकवाक्यता नसल्याने पुंगळ्या तिसऱ्या मतासाठी लंडनच्या स्कॉटलंड यार्डकडे पाठविण्याचे सीबीआयने ठरविले. दोन देशांत तसा करार नसल्याने ते शक्य झाले नाही आणि काम अखेर गुजरातमधील प्रयोगशाळेकडे गेले. दरम्यान बराच काळ निघून गेला.

देशी पिस्तुलाची अडचण

कारखान्यात बनलेल्या शस्त्राची नळी एकसारख्या मापाची असते. गावठी कट्ट्याची नळी अनेकदा ओबडधोबड असते, खाचा अर्धवट असतात किंवा नसतातच. अशा नळीतून सुटलेल्या गोळीवर वाचण्याजोग्या रेषा उमटतीलच असे नाही. वापरागणिक खुणा बदलतातही. त्यामुळे गोळीपेक्षा पुंगळीवर अधिक भिस्त ठेवावी लागते. हातावरील दारूचे कण तपासण्याची चाचणीही असते. पण हात धुतल्यावर किंवा काही तास उलटल्यावर ते कण निघून जातात. दुचाकीवरून पळालेला आरोपी महिन्यांनी सापडल्यास ही चाचणी निरुपयोगी ठरते.

शिवाय जुळणी हे अखेर तज्ज्ञाचे मत असते, गणिताचे उत्तर नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ मधील अहवालाने या मर्यादेकडे लक्ष वेधले होते. दाभोलकर प्रकरणात त्याचा प्रत्यय आला. प्रारंभी पुणे पोलिसांनी शस्त्रविक्रीचा संशय असलेल्या दोघांना अटक केली. जप्त पिस्तूल आणि घटनास्थळावरील पुंगळ्या यांच्या जुळणीचा आधार तेव्हा दिला गेला. मात्र त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले नाही आणि ते जामिनावर सुटले. पुढे सीबीआयचा तपास वेगळ्याच दिशेने गेला. शस्त्राच्या शोधात ठाण्याच्या खाडीत पाणबुडे उतरविण्यात आले. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा निर्णायक ठरली ती प्रत्यक्षदर्शींची साक्ष.

खोडलेला क्रमांक

गोळी नसली तरी दुचाकी स्वतः साक्षीदार ठरू शकते. चोरीच्या गाडीचा सांगाडा क्रमांक आणि इंजिन क्रमांक कानशीने घासून काढला जातो. परंतु ठशाने अंक ठोकताना दाब केवळ पृष्ठभागावर पडत नाही. खालच्या धातूची रचनाही दबते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्लयुक्त रसायन लावले की दबलेला धातू वेगळ्या गतीने झिजतो आणि अंक काही क्षण पुसट दिसतो. तेवढ्यात त्याचे छायाचित्र घ्यावे लागते. घासणे फार खोल गेले असेल तर अंक कायमचे जातात.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगाव येथे झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. स्फोटके मोटारसायकलमध्ये होती आणि गाडीच्या क्रमांकावरून मालकापर्यंत पोहोचता येते, असा तपासयंत्रणेचा दावा होता. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. स्फोटके त्याच गाडीत होती हे सिद्ध झाले नाही, तसेच सांगाडा क्रमांक पूर्णपणे मिळू न शकल्याने मालकीही शाबीत झाली नाही, असे न्यायालयाने नोंदविले. सतरा वर्षांच्या खटल्यातील एक महत्त्वाचा दुवा खोडलेल्या अंकांपाशी तुटला.

साखळी तुटते कोठे?

शास्त्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. नेवासे तालुक्यातील सोनई येथे जानेवारी २०१३ मध्ये तीन तरुणांची हत्या झाली. एका मृतदेहाचे तुकडे करण्यात आले होते. थेट पाहणारा साक्षीदार नसतानाही नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्यावर सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. अशा पुराव्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, पुण्यातील शरद सारडा खटल्यात घालून दिली आहे. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे आणि सर्व दुवे मिळून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये.

ही साखळी प्रयोगशाळेत क्वचित तुटते. बहुधा ती तिथे पोहोचण्यापूर्वीच कमकुवत झालेली असते. गर्दीने घटनास्थळ तुडविलेले असते. पुंगळी उघड्या हाताने उचलली जाते. पंचनाम्यातील वर्णन आणि पाकिटातील वस्तू यांत तफावत निघते. लाखेचे सील कुणी लावले, मुद्देमाल किती दिवस पोलीस ठाण्यात पडून होता आणि तो कोणत्या शिपायाने नेला, याची नोंद अपुरी असते. बचाव पक्षाचा वकील सूक्ष्मदर्शकावर नव्हे, या नोंदींवर बोट ठेवतो.

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली. ही तरतूद तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत खरोखर पोहोचली, तर पुंगळी प्रथम कुणाच्या हाती पडते या प्रश्नाचे उत्तर बदलेल.

कादंबरीतील ब्रेननला अहवालांसाठी तिष्ठावे लागते ते काही पानांपुरते. पानसरे खटल्यात आरोप निश्चित होण्यासच जानेवारी २०२३ उजाडले आणि हत्येला दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये, कोल्हापुरात साक्षी सुरूच होत्या. पितळी पुंगळीवरील खुणा इतक्या वर्षांत पुसल्या जात नाहीत. साक्षीदारांची स्मृती आणि न्यायाची वाट पाहणाऱ्यांचे आयुष्य मात्र तितके टिकाऊ नसते.