शुल्काच्या पावतीपलीकडे

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. शाखा कोणती घ्यावी, महाविद्यालय कोणते निवडावे, अमक्याच्या मुलाला कोठे प्रवेश मिळाला, या प्रश्नांवर रात्री जागविल्या जातात. परंतु पदवी हाती पडेपर्यंत एकंदर किती पैसा लागेल आणि तो कोठून उभा राहील, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या शुल्काची पावती फाडली की सुटला, असे पालक समजून चालतात. वस्तुतः शुल्क हा या खर्चाचा केवळ उंबरठा होय.

गोमंतकाला हा अनुभव नवा नाही. मुक्तीपूर्वी कला वा विज्ञान शाखेची पदवी घ्यायची तर मुंबई, पुणे, बेळगाव वा धारवाड गाठण्यावाचून गत्यंतर नसे, आणि ते ज्यांना परवडे त्यांचीच मुले शिकत. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे साखळी, केपे, पेडणे, खांडोळा अशा ठिकाणी सरकारी महाविद्यालये उभी राहिली. शिक्षण घराजवळ आले, हे निर्विवाद. तथापि दारापर्यंत आले असे नव्हे. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी उभारलेले आंदोलन जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. शुल्काइतकेच बसचे भाडेही शिक्षणाची वाट अडवू शकते, हे त्या तरुणांनी जाणले होते.

आजही सत्तरी, सांगे वा काणकोणच्या आडगावातून निघणाऱ्या मुलाचा हिशेब मांडून पाहावा. रोजचा प्रवास, किंवा शहरातील खोलीचे भाडे व खाणावळ. पुस्तके, प्रयोगवही, परीक्षेचे शुल्क, संगणक वा भ्रमणध्वनी. शिवाय खाजगी शिकवणी. शेती, कुळागर, मासेमारी वा लहानसे दुकान यांवर जगणाऱ्या घरात आणखी एक खर्च असतो, जो कोणत्याही पावतीवर येत नाही. तो म्हणजे शिकणाऱ्या मुलाने जी मिळकत केली असती, ती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला ऐच्छिक चौथे वर्ष जोडले गेले आहे. ते घ्यावे की न घ्यावे, याचा विचार करताना त्या वर्षाचा खर्च आणि बुडालेली मिळकत दोन्ही धरावयास हवीत. दोन भावंडांपैकी एकालाच पुढे शिकविणे शक्य असले, की बहुधा मुलीचेच शिक्षण थांबते. हिशेब आधी न मांडल्याची किंमत अशी भलत्यालाच मोजावी लागते.

कर्जाचेही तसेच. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना अनेकांना आधार ठरली आहे. परंतु ज्यांना बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांनी एक गणित करून पाहावे. चार वर्षे दरवर्षी एक लाख रुपये दहा टक्के सरळव्याजाने उचलले आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची सवड घेतली, तर फेडीला आरंभ होण्यापूर्वीच चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. दहा वर्षांत ते फेडायचे तर याच दराने दरमहा सुमारे ७,१०० रुपयांचा हप्ता बसतो, आणि एकूण फेड साडेआठ लाखांच्या वर जाते. पहिल्या पगारातून हा हप्ता वजा झाल्यावर घरी काय उरेल, हे सही करण्यापूर्वीच पाहिलेले बरे. कर्ज घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. डोळे मिटून घेऊ नये, एवढेच.

मात्र सारा बोजा पालकांच्या शहाणपणावर टाकून मोकळे होता येणार नाही. संपूर्ण अभ्यासक्रमाचा वर्षवार खर्च, अनामत व किरकोळ आकारण्यांसह, प्रवेशाच्या वेळीच लेखी देणे प्रत्येक महाविद्यालयावर बंधनकारक असावे. प्रवेश रद्द केल्यास शुल्क कसे परत करावयाचे, याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली घालून दिले. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही मनाई केली. हे नियम सूचनाफलकावर ठळकपणे लावले, तर किती तरी पालकांची ओढाताण वाचेल. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली; तिच्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे, हे अर्ज करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. शिष्यवृत्तीचे तर सोपे सूत्र आहे. ती वर्षाच्या आरंभी हाती पडली तर मदत; वर्ष सरल्यावर मिळाली तर ती सावकाराचे देणे फेडण्यापुरतीच उरते.

पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणारे आईबाप हे या प्रदेशाचे खरे भांडवल होय. त्यांनी किती खर्च करावा, हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण किती खर्च होणार आहे, हे आधी समजून घेण्याचा अधिकार त्यांना निश्चितच आहे. शिक्षणसंस्थांनी आणि सरकारने तो यंदाच्या प्रवेशापासूनच मान्य करावा.