दूरवैद्यकातील स्पर्शन

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही रोगीपरीक्षेची तीन साधने होत. दूरवैद्यकात पडद्यावरून दर्शन होते, संभाषणातून प्रश्नही होतो. स्पर्शन मात्र राहून जाते. एका वृद्ध रुग्णाच्या पायांवरील शोथ आम्ही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिला. परंतु दाबल्यावर खळगा पडतो की नाही, हे कळेना. अखेर त्यांच्या नातवास अंगठ्याने दाबावयास सांगितले. खळगा बराच वेळ तसाच राहिला. औषध न सुचविता आम्ही रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेच्या एका प्रकारात ही उणीव बरीचशी भरून निघते. गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसून रक्तदाब व नाडीची गती पाहतात आणि दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. महाराष्ट्रात या पदावर अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर आहेत. अर्थात, स्पर्शनाचा भार तेथे आपल्याच व्यवसायबंधूंवर आहे.

आयुर्वेदीय चिकित्सकांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. औषधालयधारकांनीही भ्रमणध्वनीवर आलेल्या चिठ्ठीवर वैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक व स्वाक्षरी पाहूनच औषध द्यावे.

दूरसल्ल्याच्या प्रत्येक नोंदीत ‘स्पर्शन कोणी केले?’ असा एक रकाना ठेवावा आणि तो रिकामा असल्यास निदान निश्चित मानू नये, अशी वैद्य बंधुभगिनींना आमची विनंती आहे.