वेगाची पाटी कोणासाठी?

बदलापूरहून वांगणी-नेरळमार्गे कर्जतला जाणाऱ्या दुपदरी रस्त्यावर गाव आले की, माणसेही त्याच डांबरावरून चालतात. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार अशा रस्त्यांवर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२नुसार राज्य ती कमी करू शकते. पण किती? अभियंत्यांची रूढ रीत अशी : शंभरातले ८५ चालक ज्या वेगाच्या आत राहतात, तो वेग प्रमाण. या मोजणीत पादचारी नसतोच. ७०चा वेग ५०वर आला, तर धडकेची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. पायी माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने ३०ची मर्यादा सुचवली. माझ्या मते, गावातली मर्यादा चालकाच्या सवयीवरून नव्हे, रस्ता ओलांडणाऱ्याचे शरीर किती आघात सोसेल यावरून ठरावी.