कोयता घेताना आणि सांभाळताना : छाटणी-तोडणीच्या आधी वाचा



द्राक्षाची गोडी छाटणी तोंडावर आली आहे, ऊसतोडही फार लांब नाही. पावसाळाभर पडवीत नाहीतर ट्रॅक्टरच्या पेटीत पडून राहिलेले कोयते आता बाहेर निघतील. काही गंजलेले, काहींची मूठ हलतेय. हलत्या मुठीतून पातं निसटलं तर ते शेजारी वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर जातं. म्हणून हा मेसेज फवारणीच्या मेसेजइतकाच नीट वाचा, आणि मजुरांनाही वाचून दाखवा.

आधी एक गोष्ट. वेलीच्या काडीवर कोयता चालवू नका. काडीला कात्री, जाड ओलांड्याला करवत. कोयत्याने काडी फाटते, साल चिरते आणि त्या जखमेतून बुरशी खोडात उतरते. कोयत्याचं काम म्हणजे बांधावरची बाभूळ-सुबाभूळ, घाणेरी, बांबू, ऊस आणि मका.

नवा घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न पोलादाचा. आपल्याकडचे चांगले लोहार ट्रकच्या जुन्या कमान-पाट्याचा कोयता करतात. त्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. एवढा कार्बन असला की पाणी दिल्यावर धार कडक होते, आणि तरी पातं घाव सोसतं. साध्या पट्टीच्या लोखंडात कार्बन फारच कमी, त्याला कितीही पाणी द्या, धार दुपारपर्यंत टिकणार नाही. ऑनलाइन दिसणारे काळ्या रंगाचे, पाठीला करवतीचे दात असलेले सुरे फोटोत भारी दिसतात. पोकळ मुठीचे तर घेऊच नका. बाभळीच्या गाठीवर दोन घाव घातले की त्यांची मूठ हातात आणि पातं झुडपात.

दुकानात किंवा लोहाराकडे कोयता हातात घेतला की पातं नखाने टिचकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असू शकते. मग बारीक कानस धारेवर हलक्या हाताने फिरवा. कानस नुसती घसरली तर धार फार कडक आहे, गाठीवर तुकडा उडेल. लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पाणी नीट बसलेलं नाही. थोडं अडखळत, थोडं खात गेली की समजा जमलं. पाणी फक्त धारेच्या बाजूला हवं. पाठ मऊ राहिली पाहिजे, धक्का तीच पिते. सबंध पातं कडक केलेला कोयता थंडीच्या सकाळी सुकल्या लाकडावर मोडतो.

मुठीत पात्याची शेपटी कुठवर गेली आहे ते विचारा. आरपार जाऊन मागे वाकवून बडवलेली असेल तर उत्तम. पात्याच्या बाजूला लोखंडी साम घट्ट बसलेली असावी, नाहीतर लाकूड तिथूनच फुटतं. बाभळीची मूठ चांगली, शिसवाची आणखी चांगली. जुनी मूठ हलत असेल तर चिंध्या कोंबून किंवा तार गुंडाळून काम चालवू नका, नवी बसवा. पाण्यात भिजवून मूठ घट्ट करायची आपली सवय आहे. लाकूड वाळलं की ती पुन्हा सैल होते आणि आतली शेपटी गंजते ते वेगळंच. त्यापेक्षा मुठीला जवसाचं तेल दोन-तीन वेळा चोळा. ते लाकडात मुरून वाळतं, हाताला चिकटत नाही.

धारेबद्दल सगळ्यात जास्त नुकसान ग्राइंडर करतो. धार लावताना कडेला निळसर रंग चढला की तिथलं पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं, पाणी उतरायला लागलं. ग्राइंडर वापरायचाच तर दर दोन-तीन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. रोजच्या धारेला कानस आणि दगड पुरतो. कोन मोजायला सोपी युक्ती : कागदाचा काटकोनी कोपरा अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा दुमडा. जो कोन उरतो तो साधारण साडेबावीस अंश. लाकूड तोडायच्या कोयत्याला दोन्ही बाजूंनी एवढा ठेवा, उसाच्या कोयत्याला थोडा कमी. धार फारच बोथट होऊन जाड झाली असेल तर घासत बसू नका, लोहाराकडून शेवटून घ्या.

डाळिंबवाल्यांनी, विशेषतः सटाणा-मालेगाव-देवळ्याकडच्या, ही ओळ दोनदा वाचा. तेल्याचे जिवाणू हत्याराबरोबर झाडावरून झाडावर जातात. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये कात्री, करवत, कोयता बुडवून मगच पुढच्या झाडाला हात लावा. द्रावण ५ टक्क्यांचं मिळालं तर १ भाग द्रावण, ४ भाग पाणी. पण हे औषध लोखंड खातं. संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन, कोरडं पुसून तेलाचा हात फिरवलाच पाहिजे. उसाचा रस आणि झाडाचा चीक यांचंही तेच.

आता म्यान. कोकणात कोयती कमरेच्या लाकडी आकडीला अडकवतात. पायी फिरायला ते सोयीचं, पात्याला वाराही लागतो. पण धार उघडीच राहते, मोटारसायकलवर ते चालणार नाही. चामड्याचं म्यान दिसायला छान, पण पावसाळ्यात ते ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं. वापरापुरतं घाला, घरी आल्यावर काढून ठेवा. सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या शेतातच पडलेला आहे. १६ मिलिमीटरची जुनी ठिबक नळी लांबीत चिरा, धारेवर चढवा, वरून ट्यूबच्या रबराने बांधा. पूर्ण म्यान हवं असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करून चपटा करा आणि तळाला पाणी निथळायला भोक ठेवा. पाइप थेट जाळावर धरू नका, त्याचा धूर छातीला घातक असतो. पावसाळ्यापूर्वी मात्र कोयता म्यानातून काढायचा, तेल लावून कोरड्या जागी टांगायचा.

म्यानाचं आणखी एक कारण आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये निव्वळ शेतीकामासाठी बनवलेली अवजारं शस्त्रात धरलेली नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात-जिल्ह्यात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि कोयत्याच्या बातम्यांमुळे पोलिसांची नजरही त्याच्यावर असते. धार करायला नाशिकला नेताना कोयता झाकून, बाकी अवजारांसोबत पोत्यात बांधून न्या. कमरेला खोचून बाजारात फिरू नका. पोराने कोयता घेऊन रील बनवायची आणि बापाने चौकीत बसायचं, हे टाळा.

काम करताना एकाचा घाव दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर दोन माणसांत ठेवा. फांदी धरलेला हात घावाच्या रेषेत नको. लागलंच तर हळद, चुना, माती काही भरू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. बोट तुटलंच तर तो तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात, मग पिशवीत घालून पिशवी बर्फावर ठेवा. बर्फाला थेट लावू नका.

कोयता घेण्याआधी शंका असेल तर पात्याचा आणि मुठीचा फोटो याच नंबरवर पाठवा.