दीड टन गारवा

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षासाठी वातानुकूलन यंत्र घ्यावयाचे ठरले, त्या वेळची ही गोष्ट. चैत्र सरला की इंदुरात दुपारी पत्र्याखाली बसणे अशक्य होते, हे येथील वाचकांस सांगावयास नको. एका माजी विद्यार्थ्याने आईच्या स्मरणार्थ काही रक्कम दिली होती. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागविली. पहिल्यात यंत्राची शक्ती १८,००० बीटीयू अशी लिहिली होती, दुसऱ्यात दीड टन आणि तिसऱ्यात ५.३ किलोवॉट.

समितीची सभा भरली. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "कोठे अठरा हजार आणि कोठे दीड! पैसे थोडे अधिक पडले तरी पहिलेच घ्यावे." आमची भीती वेगळीच. ५.३ किलोवॉटचे यंत्र आपल्या जुन्या तारांना झेपणार नाही, असे आमच्या मनाने घेतले. आम्ही मराठीचे एम. ए.; आकड्यांशी आमचा संबंध हजेरीपटापुरता. शेवटी सहा हजार रुपये अधिक मोजून अठरा हजारांच्या यंत्राची मागणी आमच्याच सहीने गेली.

दोन दिवसांनी विज्ञानाच्या बाई कार्यालयात आल्या. तिन्ही दरपत्रके पाहून त्या संकोचून म्हणाल्या, "सर, ही तिन्ही यंत्रे सारख्याच शक्तीची आहेत. नुसती एकके निराळी."

आम्ही त्यांना बसवून घेतले आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झालो. त्या तासाभरात जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

पहिली गोष्ट ही की, उष्णता निराळी आणि उष्णतेचा वेग निराळा. हौदात पाणी किती हा एक प्रश्न. तोटीतून ते दर तासाला किती वाहते हा दुसरा. एक किलो, म्हणजे सुमारे एक लिटर, पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागते ती एक किलोकॅलरी. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास लागते ते एक ब्रिटिश थर्मल युनिट, म्हणजेच बीटीयू. पौंड किलोच्या निम्म्याहून लहान आणि फॅरनहाइटचा अंशही सेल्सिअसहून लहान. म्हणून एक बीटीयू म्हणजे अवघी ०.२५२ किलोकॅलरी. ही झाली हौदातली मापे. त्यांना 'दर तासाला' हे शब्द जोडले म्हणजे तोटीची मापे होतात. यंत्राच्या कागदावर 'दर तासाला' हे शब्द पुष्कळदा गाळलेले असतात आणि घोटाळा तेथेच होतो. वॉटमध्ये मात्र वेग अंगचाच आहे: सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट.

आता टन. हे वजन कशाचे? बर्फाचे! यंत्रे येण्यापूर्वी गारवा बर्फाच्या लाद्यांनीच मिळे. १८३३ साली बोस्टनहून बर्फ भरलेले जहाज थेट कलकत्त्यास आले होते. पुढे यंत्रे आली, तेव्हा त्यांची शक्ती लोकांच्या ओळखीच्या मापानेच सांगितली गेली: एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषणारे यंत्र एक टनाचे. हा टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. एक किलो बर्फ वितळण्यास सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. ९०७ ला ८० ने गुणून २४ ने भागावे; तासाला सुमारे ३,०२४ किलोकॅलरी येतात. तेच १२,००० बीटीयू आणि तेच साडेतीन किलोवॉट.

ध्यानात ठेवण्याजोगे आकडे दोनच. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी किंवा ३,४१२ बीटीयू. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू. दीड टनाचे १८,००० होतात, त्यांना ३,४१२ ने भागले की ५.३ किलोवॉट. आमच्या सहा हजार रुपयांचा हिशेब असा दोन ओळींत संपला.

आमची तारांविषयीची भीतीही खोटीच निघाली. ५.३ किलोवॉट हा खोलीतून बाहेर नेलेल्या उष्णतेचा वेग. यंत्र उष्णता निर्माण करीत नाही, वाहून नेते. त्या हमालीसाठी वीज लागते ती साधारण दीड किलोवॉट.

हे गणित गृहिणींच्याही उपयोगाचे आहे. तांब्याचा बंब गेला आणि न्हाणीघरात विजेचा गीझर आला. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यावयाचे तर ६०० किलोकॅलरी हव्यात. दोन किलोवॉटचा गीझर तासाला १,७२० देतो. म्हणजे एकवीस मिनिटे पुरेत आणि वीज खर्च होते ती सुमारे ०.७ युनिट. त्यापुढे बटन चालू ठेवणे म्हणजे उधळपट्टीच.

बाईंनी जाता जाता आणखी एक हिशेब सांगितला. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. मुलांची थोडी कमी धरली, तरी तीस मुले मिळून अडीच किलोवॉटची शेगडीच होते! निम्मे यंत्र त्यातच खपावयाचे. वर संगणक आणि तापलेला पत्रा. तेव्हापासून आम्ही त्या कक्षात एका वेळी पंधराच मुले पाठवितो.

मागणी गेलेली होती. पैसे परत आले नाहीत. पुढील सभेत आम्ही आपली चूक सांगितली आणि ती इतिवृत्तात नोंदविली. त्या माजी विद्यार्थ्यासही पत्राने कळविले, कारण पैसा त्याच्या आईच्या नावाचा होता. दुसऱ्या भाषेतील शब्दाचा अर्थ पाहिल्यावाचून वाक्यावर मत देऊ नये, हे आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. आकड्यामागील एककही तसेच पाहावे लागते, हे मात्र सहा हजार रुपये गेल्यावर शिकलो.