देहाचा काटकसरी कारभार

अहेरीच्या बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसून धंदा सांभाळणाऱ्या एखाद्या स्थूल गृहस्थाला मधुमेहाचे निदान होते, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तो ताटातला भात निम्म्यावर आणतो, संध्याकाळी आलापल्लीच्या रस्त्याने फिरावयास जाऊ लागतो, आणि पहिल्या पंधरवड्यात वजनाचा काटा झपाट्याने खाली येतो; पुढे मात्र, पथ्यात तसूभर कसूर झालेली नसतानाही, ही उतरण मंदावत जाते आणि घरची मंडळी चोरून खाल्ल्याचा आळ घेऊ लागतात. हा आळ पुष्कळदा अन्यायाचा असतो, आणि तो दूर व्हावा असे मला मनापासून वाटते.

पहिली घट मुख्यतः चरबीची नसतेच. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा शर्करेचा जो साठा असतो, तो आपल्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी धरून ठेवतो. अन्न कमी होताच साठा खर्ची पडतो आणि पाणीही निघून जाते. खरा हिशेब त्यानंतरचा. समजा, 90 किलोंचा देह दिवसाला 2500 कॅलरी खर्च करतो आणि त्याला 2000 मिळतात. तूट 500ची. परंतु देह लहान झाला की पोसावयाच्या पेशी कमी होतात, आणि प्राणहितेच्या घाटापर्यंतचे तेच अंतर चालताना वाहून न्यावयाचा भारही हलका होतो. घटलेल्या प्रत्येक किलोमागे दैनिक खर्च ढोबळमानाने 20 ते 25 कॅलरींनी उतरतो. म्हणजे दहा किलो गेल्यावर तूट 250 ते 300वर येते, आणि वीस-पंचवीस किलोंच्या दरम्यान जमाखर्चाची तोंडमिळवणी होऊन, तेच पथ्य चालू असताना, काटा स्थिरावतो.

याखेरीज, वसूल घटलेल्या साली जमीनदारीचा जाणता दिवाण जसा एकेका खात्याचा खर्च आवरता घेतो, तसे शरीरही हात आखडते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन, ज्याचा शोध 1994मध्ये लागला, ते कमी झाले की मेंदू भूक वाढवितो आणि उष्णतेचा व्यय घटवितो. पथ्य नकळत सैल होते ते या भुकेपायी, आणि त्यास केवळ मनाचा दुबळेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. 1944-45 साली अमेरिकेत अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, परंतु विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय सुमारे 40 टक्क्यांनी, म्हणजे वजनाच्या प्रमाणाहून अधिक, उतरला. नाडी मंदावली, थंडी सोसेना, हालचालीचा उत्साह मावळला. वजनाची घट अखेरीस जवळजवळ थांबली होती. ते तरुण मात्र उपाशीच होते.

हे शेवटचे वाक्य अहेरीच्या परिसरात विशेष जपून वाचले पाहिजे. आषाढ-श्रावणात, जुने धान सरत आलेले आणि नवे हाती यावयास अवकाश असताना, गरीब घरांत आंबील आणि रानातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, यांवर दिवस काढावे लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बांधीच्या चिखलात ओणवे राहून रोवणी करावयाची असते. अशा वेळी अंग उतरते, आणि काही काळाने उतरणे थांबल्यासारखेही दिसते. तेवढ्यावरून मिळते ते अन्न पुरते, असा निष्कर्ष काढणे मला घातक वाटते.

हा प्रश्न महाराष्ट्रातील विद्वानांना अपरिचित नव्हता. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971मध्ये दारिद्र्याची सीमा माणशी दैनिक 2250 कॅलरींच्या आहाराशी जोडली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी त्यास हरकत घेतली, ती अशी की एकाच मनुष्याची गरज दिवसागणिक बदलते आणि विशिष्ट मर्यादेत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकास उपाशी गणणे चूक आहे. सुखात्म्यांचे संख्याशास्त्र मला आदरणीय वाटते. तथापि, त्या जुळवून घेण्याची किंमत देह कोणत्या खात्यातून चुकती करतो, हे केवळ वजनाच्या काट्यावरून कळत नाही. ती कधी स्नायूंतून जाते, कधी कामाच्या उमेदीतून. गरोदर स्त्रीच्या बाबतीत ती पोटातल्या बाळाच्या वाढीतूनही जाऊ शकते. म्हणून रोवणीच्या दिवसांत अशा स्त्रीचे वजन तपासताना केवळ ते घटले नाही एवढ्यावर समाधान न मानता, त्या महिन्यात ते किती वाढावयास हवे होते, हे विचारले गेले पाहिजे.