नासापटलाच्या शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव

नाकाच्या दोन पोकळ्यांमधील पडदा, म्हणजेच नासापटल, अगदी मध्यरेषेत असलेली माणसे थोडीच. पटलाच्या वक्रतेमुळे श्वसनास खरोखर अडथळा होत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा असतो. ही शस्त्रक्रिया सामान्यतः निर्धोक समजली जाते व ते योग्यच आहे. तथापि तिचे उपद्रव समजून घ्यावयाचे तर प्रथम पटलाची रचना ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

पटलाचा पुढील भाग चौकोनी कूर्चेचा, तर मागील भाग वर झर्झरास्थीचा व खाली सीरिकास्थीचा बनलेला असतो. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंस चिकटलेल्या कूर्चावरणातून पाझरणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते. शस्त्रक्रियेत हेच आवरण सोडवावे लागते. पुढे या दोहोंमध्ये रक्त साचले, तर पोषण तुटून थोड्याच दिवसांत कूर्चा मृत होते. त्या रक्तात जंतूंची वाढ झाल्यास विद्रधी होतो आणि क्वचित संसर्ग शिरांवाटे कवटीच्या आत पोहोचतो. म्हणून दोन्ही नाकपुड्या चोंदणे, वेदना वाढत जाणे व ज्वर येणे या लक्षणांची नेहमीची सूज म्हणून उपेक्षा करता कामा नये. पटल फुगलेले व स्पर्शास मऊ लागल्यास साचलेले रक्त विनाविलंब काढून टाकणे आवश्यक असते.

दुसरा उपद्रव छिद्राचा. श्लेष्मकला एकाच बाजूस फाटली, तर ती बहुधा भरून येते. परंतु समोरासमोर दोन्ही बाजूंस फाटल्यास पटलास कायमचे भोक पडू शकते. लहान छिद्रातून श्वासाबरोबर शीळ वाजते; मोठ्या छिद्राच्या कडांवर खपल्या धरतात व रक्त येते.

तिसरा उपद्रव नाकाच्या आकाराचा. शिकागोच्या फ्रीअरने 1902 मध्ये व फ्रायबुर्गच्या किलियनने 1904 मध्ये कूर्चा व अस्थी यांचा वाकडा भाग काढून टाकण्याची पद्धती वर्णिली. किलियनने नाकाचा कणा व अग्र यांच्या आधारासाठी कूर्चेची पट्टी राखण्यावर भर दिला. ही पट्टी निदान 1 सेंटिमीटर रुंद असावी, असा आजही दंडक आहे. ती दुर्बल झाल्यास नाकाचा कणा खोगिरासारखा खचतो. यामुळेच पुढे उच्छेदनाऐवजी कूर्चा शक्यतो राखून सरळ करण्याकडे कल वाढला.

याखेरीज रक्तस्राव, पटल व शुक्तिका यांमध्ये चिकटपट्टे निर्माण होणे आणि वरच्या पटाशीच्या दातांस तात्पुरती बधिरता येणे हेही संभवते. झर्झरास्थीचा उभा पत्रा पिरगळल्यास कवटीच्या तळास तडा जाऊन मस्तिष्क-मेरुद्रव गळू लागण्याचे भय असते; म्हणून तो ओढून न तोडता कापावा.

शेवटी, पटल सरळ होऊनही नाक चोंदलेलेच राहिले, तर दोष नेहमी शस्त्रक्रियेचाच असतो असे नाही. अधिहर्षताजन्य सूज किंवा नाकपुडीच्या आतील झडपेची अरुंदता मूळ कारण असू शकते. तिचा शोध शस्त्रक्रियेपूर्वीच घेतला, तर रुग्णाची निराशा पुष्कळ अंशी टळते.